गाढवाचा अंत्यविधी आणि सरकारची फाईल

ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात या एका पंधरवड्यात दोन लेखकांचे स्मृतिदिन येतात. सर अँटनी जे २१ ऑगस्ट २०१६ रोजी निवर्तले. शरद जोशी ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत गेले. पहिल्याने जोनाथन लिन यांच्यासह ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या अजरामर विनोदी मालिका लिहिल्या. दुसऱ्याने ‘ये जो है जिंदगी’ लिहून आपल्या दूरदर्शनवरील विनोदी मालिकेची वाट आखून दिली. पहिल्याचे नाव सनदी अधिकाऱ्यांच्या गप्पांत आजही हमखास निघते. दुसऱ्याचे नाव हिंदी साहित्याच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्याविषयी आहे. पहिला सोबतीला आहे, कारण त्याच्या शेजारी उभे केल्यावाचून दुसऱ्याचे मोठेपण नीट दिसत नाही.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. मराठी वाचकाच्या मनात शरद जोशी हे नाव उच्चारताच आंबेठाणचे शेतकरी संघटनेचे नेते उभे राहतात. इथे अभिप्रेत आहेत ते हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी. जन्म २१ मे १९३१, उज्जैन. योगायोग असा की दोघांनीही सरकारी नोकरी केली आणि दोघांनीही ती सोडली. शेतकरी नेते भारतीय टपाल सेवेत होते. व्यंग्यकार काही वर्षे मध्य प्रदेशाच्या माहिती खात्यात होते. सरकार आतून पाहिलेल्या माणसाची दृष्टी दोघांच्याही लेखनात आहे. दोघांनी काढलेले निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. त्या फरकाकडे लेखाच्या शेवटी वळू.

नोकरी सोडल्यावर व्यंग्यकार जोशींनी लेखणीवर संसार चालवला. कविसंमेलनाच्या मंचावर कवींच्या रांगेत बसून हा माणूस चक्क गद्य वाचायचा आणि हजारो श्रोते ते ऐकत बसायचे. मुंबईत आल्यावर त्यांनी ‘छोटी सी बात’, ‘उत्सव’ अशा चित्रपटांचे संवाद लिहिले. १९८५ पासून अखेरपर्यंत ‘नवभारत टाइम्स’मध्ये ‘प्रतिदिन’ हे दैनंदिन सदर चालवले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या साठीत, ते गेले.

दूरदर्शनचे दार त्यांच्यासाठी उघडले तो काळ आठवावा. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ मध्ये लहान प्रक्षेपकांचे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरू लागले. यंत्रणा उभी राहिली; दाखवायचे काय, हा प्रश्न उरला. अर्थशास्त्रज्ञ पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालची समिती याच प्रश्नावर बसली होती. ७ जुलै १९८४ रोजी मनोहर श्याम जोशींची ‘हम लोग’ सुरू झाली आणि त्याच वर्षी शरद जोशींची ‘ये जो है जिंदगी’. दूरदर्शनच्या त्या पर्वात जोशींची अशी गर्दीच होती.

कुंदन शाह, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या मालिकेत शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे मध्यमवर्गीय जोडपे होते. राकेश बेदी घरात मुक्काम ठोकून बसलेला मेहुणा आणि सतीश शाह दर भागात नवे सोंग घेऊन येणारे. शुक्रवारी रात्री गल्लीतल्या ज्या घरी संच असेल त्या घरी सगळी गल्ली जमायची. मी तेव्हा नुकताच नोकरीत शिरलो होतो, एका हिंदी भाषक राज्यातल्या लहान जिल्ह्यात. साहेबांच्या बंगल्यावरच्या संचासमोर शिपाई, चालक, कारकून आणि मी असे एकत्र बसून हसलो आहोत. प्रशासनातील श्रेणीव्यवस्था आठवड्यातून अर्धा तास स्थगित करणारी दुसरी यंत्रणा मी पाहिलेली नाही.

पण आज ती मालिका आठवताना एक गोष्ट जाणवते. तिच्यात नवरा आहे, बायको आहे, मेहुणा आहे, शेजारी आहे, कचेरीतला वैतागलेला वरिष्ठ आहे. सरकार मात्र जवळजवळ नाही. आणि हे लिहिणारा लेखक कोण, तर ज्याच्या पुस्तकांत सरकारवाचून पान हलत नाही. दूरदर्शन हे सरकारचे खाते होते आणि खाते स्वतःला हसू देत नसते, हे जोशींना आतून ठाऊक होते. त्यांनी आपल्या हास्याची वाटणी केली. घर पडद्यावर गेले. सरकार वर्तमानपत्रात, पुस्तकात आणि रंगमंचावर राहिले.

पुढे दूरदर्शनही थोडे सैलावले, हे न्यायबुद्धीने सांगायला हवे. प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आली. आर. के. लक्ष्मण यांचा वागळे १९८८ मध्ये आला आणि कोलकात्याहून मुंबईला गेलेल्या अंजन श्रीवास्तव यांनी तो मराठी कारकून घराघरांत नेला. मनोहर श्याम जोशींची ‘कक्काजी कहिन’ आली. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ आला. यांतले बरेचसे हास्य खिडकीपलीकडच्या कारकुनाला, ठेकेदाराला, फोन दुरुस्त न करणाऱ्याला किंवा पान चघळणाऱ्या पुढाऱ्याला लागत असे. आमच्या व्यंग्याची ही रूढ रीत आहे. दोषी माणूस शोधायचा आणि त्याला हसायचे. तो लबाड आहे, आळशी आहे, पैसे खातो. माणूस बदलला की प्रश्न सुटेल, अशी एक सुप्त आशा त्या हसण्यात असते.

शरद जोशींच्या उत्तम लेखनात ही आशा नाही. ‘जीप पर सवार इल्लियाँ’ ही त्यांची गाजलेली रचना पाहा. हरभऱ्यावर अळी पडल्याची बातमी छापून येते आणि शेती खात्याचे अधिकारी जीपने पाहणीला निघतात. शेतावर पोहोचतात, पाहणी करतात, बोलतात आणि परतताना हरभऱ्याचे डहाळे जीपमध्ये भरून नेतात. कोणी लाच घेत नाही, कोणी दरडावत नाही. सारे सुशिक्षित, सौजन्यशील, किंचित कंटाळलेले. हरभरा मात्र दोन प्रकारच्या अळ्यांनी खाल्ला जातो, एवढेच. मी स्वतः अशा जीपमध्ये बसलो आहे. ओला हरभरा मांडीवर घेऊन सोलत येताना आपण भ्रष्टाचार करीत आहोत असे कोणाच्याही मनात येत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. जोशींचे म्हणणे नेमके तेच आहे.

‘एक था गधा उर्फ अलादाद खाँ’ हे त्यांचे नाटक याहून भेदक. एका नवाबाच्या राज्यात धोब्याचे अलादाद नावाचे गाढव मरते. ही बातमी वर चढत जाताना गाढव हा तपशील वाटेत गळतो. प्रजेतला कोणी अलादाद गेला असे समजून लोकप्रियतेला आसुसलेला नवाब जाहीर करतो की त्याच्या जनाज्याला आपण स्वतः खांदा देऊ. घोषणा होते, तयारी होते, आणि मग उलगडते की मेले ते गाढव होते. घोषणा मागे घेता येत नाही. मग त्या नावाचा माणूस शोधला जातो आणि तो जिवंत असल्याची अडचण दूर केली जाते.

या नाटकात खलनायक कोणाला म्हणायचे? नवाबाचा हेतू, वरवर पाहता, प्रजेच्या दुःखात सहभागी होण्याचा आहे. खालचे अधिकारी त्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून धडपडत आहेत. प्रत्येक पायरीवर घेतलेला निर्णय मागच्या पायरीशी सुसंगत आहे. सुसंगतीच्या या साखळीच्या टोकाला एक निरपराध माणूस मरतो. ज्याने शासकीय टिपणी लिहिली आहे त्याला या नाटकात अतिशयोक्ती दिसत नाही.

अँटनी जे यांनी हेच पाहिले होते आणि ते पडद्यावर मांडण्याची संधी त्यांना मिळाली. केंब्रिजमध्ये अभिजात भाषा शिकलेला हा गृहस्थ १९५५ मध्ये बीबीसीत शिरला आणि १९६४ मध्ये बाहेर पडला. १९६७ मध्ये त्यांनी व्यवस्थापनशास्त्राची मॅकियाव्हेलीशी सांगड घालणारे पुस्तक लिहिले. १९७२ मध्ये जॉन क्लीज आदींसह कचेऱ्यांसाठी प्रशिक्षणपट बनवणारी कंपनी काढली. प्रसारणाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या ॲनन समितीचे ते सदस्य होते. म्हणजे समिती कशी चालते हे त्यांनी समितीत बसून पाहिले. ‘येस मिनिस्टर’चा पहिला भाग २५ फेब्रुवारी १९८० रोजी दाखवला गेला. त्याचे चित्रण आधीच झाले होते, पण १९७९ ची निवडणूक उरकेपर्यंत तो राखून ठेवण्यात आला. धीट म्हणून आपण ज्या संस्थेचे कौतुक करतो तिचीही धिटाई अशी पंचांग पाहून चालत होती.

दोन्ही मालिका मिळून ३८ भाग झाले. मंत्री जिम हॅकर कोणत्या पक्षाचा, हे त्यांत कधीच सांगितले जात नाही. सचिव सर हम्फ्री कधी पैसे खात नाही. एका भागात नवे कोरे रुग्णालय आहे. पाचशेच्या घरात कर्मचारी आहेत, कामकाज अत्यंत सुरळीत आहे, फक्त रुग्ण एकही नाही. रुग्ण का नाहीत याचे उत्तर प्रत्येकाजवळ आहे आणि प्रत्येक उत्तर तर्काला धरून आहे. अलादाद खाँच्या नवाबाचे दरबारी आणि सर हम्फ्री हे एकाच घराण्यातले आहेत.

त्या घराण्याचे मूळ शोधत गेले तर वाट माझ्या घरावरून जाते. निवृत्तीनंतर मी सियालदहजवळच्या वडिलोपार्जित घरी राहायला आलो. इथून पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासाच्या पायी अंतरावर रायटर्स बिल्डिंग आहे. २०१३ पर्यंत राज्याचे सचिवालय तिथे होते. अठराव्या शतकात ती ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ कारकुनांसाठी, म्हणजे ‘रायटर’ मंडळींसाठी, बांधली गेली. चार्ल्स ट्रेव्हेलियन हा अशाच नोकरीत १८२० च्या दशकात भारतात आला, सुमारे बारा वर्षे राहिला, त्यांतली काही कलकत्त्यात. मायदेशी परतल्यावर १८५४ मध्ये स्टॅफर्ड नॉर्थकोटच्या जोडीने त्याने जो अहवाल दिला त्यावर ब्रिटनची आधुनिक सनदी सेवा उभी राहिली. स्पर्धापरीक्षेतून भरती, गुणवत्तेवर बढती, आणि सरकारे बदलली तरी न बदलणारा, पक्षनिरपेक्ष अधिकारी ही तिची तत्त्वे. कंपनीच्या भारतातील नोकरशाहीचा अनुभव त्या विचारामागे होता. सर हम्फ्री पूर्णपणे विलायती आहे असे म्हणणाऱ्याने त्याची जन्मपत्रिका एकदा हुगळीकाठी तपासावी.

असे असूनही तो परत इथे रुजला नाही. २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आली. ‘येस मिनिस्टर’चेच ते रीतसर रूपांतर, फारूख शेख मंत्री आणि कोलकात्याचे जयंत कृपलानी सचिव. अभिनय उत्तम होता, पण प्रेक्षक फारसे जमले नाहीत. याची कारणे अनेक असतील. प्रशासनात राहिलेल्या माणसाला एक कारण स्पष्ट दिसते. सर हम्फ्रीचे सगळे सामर्थ्य त्याच्या स्थैर्यात आहे. मंत्री येतो-जातो, सचिव राहतो. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. सचिव एका खात्यात जेमतेम स्थिरावतो तोच त्याच्या बदलीचा आदेश निघतो. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदी सेवा मंडळे आणि किमान कार्यकाल यांसंबंधी निर्देश दिले, ते याच अस्थैर्यामुळे. आपल्याकडे मंत्री कायम नाही आणि सचिवही कायम नाही. कायम असते ती फाईल. जे यांनी फाईल धरणारा माणूस लिहिला. माणसाशिवाय चालणारी फाईल शरद जोशींनी लिहिली. म्हणून आपल्या राज्यव्यवस्थेचे चित्र जोशींच्या गाढवात अधिक अचूक उतरले आहे.

सियालदहला राहू लागल्यापासून या फायलीचा एक जुना अध्याय मी वाचतो आहे. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असताना तो वरवर वाचला होता. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे याच स्थानकाच्या फलाटांवर उतरली आणि कित्येक तिथेच दिवसचे दिवस राहिली. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. छावण्या उभ्या राहिल्या, शिधा दिला गेला, नोंदी झाल्या. आणि नोंदींबरोबर वर्ग आले. विधवा, वृद्ध, अपंग अशा ज्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता येणार नाही असे ठरले, त्यांच्यासाठीच्या छावण्यांना सरकारी भाषेत ‘कायमचे दायित्व’ छावण्या म्हणत. राणाघाटजवळचा कूपर्स कॅम्प, धुबुलिया ही त्यांतली नावे. आजही सियालदहहून सुटणाऱ्या गाड्या त्या बाजूला जातात. माणसाला दायित्व म्हणणाऱ्या त्या अधिकाऱ्याचा हेतू दुष्ट नव्हता. त्याला अर्थखात्याकडून कायमची तरतूद मिळवायची होती आणि त्यासाठी तो शब्द उपयोगी होता. सर हम्फ्रीने त्याची पाठ थोपटली असती.

मग तारखा आल्या. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले ते जुने स्थलांतरित. १ जानेवारी १९६४ नंतर आलेले ते नवे. त्यांना पश्चिम बंगालबाहेर, दंडकारण्यासारख्या ठिकाणी गेल्यासच पुनर्वसन. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बंगाली वस्त्यांची नाळ पुनर्वसनाच्या याच इतिहासाशी जुळलेली आहे, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेल. या दोन तारखांच्या मध्ये जे आले त्यांचे काय? त्यांना ‘मधले’ म्हणण्यात आले आणि मदत नाकारण्यात आली. एप्रिल १९५८ ते डिसेंबर १९६३ या पावणेसहा वर्षांत माणसे आली, फलाटावर उतरली, भूक त्यांनाही लागली. फाईलीच्या दृष्टीने ती आलीच नव्हती. यातही खलनायक सापडत नाही. ओघ थांबेल या अपेक्षेने पहिली तारीख ठरली होती आणि दंगलींनंतर तो पुन्हा वाढल्यामुळे दुसरी. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय होते. मधली माणसे दोन समर्थनीय निर्णयांच्या फटीत पडली.

हे मी एवढ्या आवेगाने का लिहितो आहे, ते सांगितले पाहिजे. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका पुनर्वसन वसाहतीतल्या घरजागांच्या पट्ट्यांचे काम माझ्याकडे आले. राज्य आणि जिल्हा सांगत नाही. यादी तपासायची, कागद पाहायचे, पट्टा द्यायचा. एका वृद्ध विधवेजवळ सीमेवरच्या नोंदणीची घड्या पडून फाटत आलेली चिठ्ठी होती. तिच्यावरची तारीख योजनेच्या अटीत बसत नव्हती. शेजारच्या दहा घरांनी सांगितले की ही आमच्याच बरोबर आली, चिठ्ठी नंतर मिळाली. त्या दहा घरांना पट्टे मिळाले होते. म्हातारी माझ्या आजीच्या बोलीत बोलायची आणि मला ‘बाबा’ म्हणायची. नियमात स्थानिक चौकशीवरून निर्णय घेण्याची मुभा मला होती. ती वापरली असती तर पुढे लेखापरीक्षणात कदाचित एक प्रश्न आला असता. मी ती वापरली नाही. ‘मार्गदर्शनार्थ सादर’ असा शेरा लिहिला आणि फाईल वर पाठवली.

त्या शेऱ्यात एकही चूक नव्हती. वरून विचारणा आली की पतीच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. तो जोडला. मग विचारणा आली की पतीचे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे आहे. तोपर्यंत माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या भागात दुसऱ्या कामासाठी गेलो असता चौकशी केली. अर्जदार हयात नसल्याने प्रकरण बंद करण्यात आले होते. ते निकाली प्रकरणांत धरले गेले होते आणि त्या वर्षीच्या निकालाची टक्केवारी चांगली असल्याबद्दल कचेरीचे कौतुकही झाले होते. अलादाद खाँचा जनाजा मी पाहिला आहे. खांदा देणाऱ्यांत मी होतो.

आता त्या दोन लेखकांमधल्या फरकाकडे येतो. ‘येस मिनिस्टर’च्या चाहत्यांत मार्गारेट थॅचर अग्रभागी होत्या. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न या मुख्य नटांबरोबर, म्हणजे पडद्यावरच्या हॅकर आणि हम्फ्रीबरोबर, एक छोटा प्रवेश सादर केला. १९८८ मध्ये जे यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सहलेखक लिन यांची राजकीय मते वेगळी होती. जे स्वतः मात्र खुल्या बाजाराच्या बाजूचे होते आणि हुजूर पक्षाच्या नेत्यांना भाषणांच्या कामी साहाय्य करीत. सत्तेला टोचणारे व्यंग्य सत्तेलाच इतके का आवडावे? कारण त्या हास्यातून निघणारा एक निष्कर्ष थॅचर यांना हवा होता. सरकारी यंत्रणा मुळातच अशी असेल, तर सरकार जितके कमी तितके बरे. आपल्याकडे आंबेठाणच्या शरद जोशींनीही, पूर्ण वेगळ्या तळमळीने आणि शेतकऱ्याच्या बाजूने, सरकारला वाटेतून दूर व्हायला सांगितले. त्या भूमिकेत तथ्य आहे. शेतमालाच्या भावाच्या प्रश्नात मी तिच्याशी बराचसा सहमत होतो.

व्यंग्यकार जोशींचे हास्य मात्र त्या मुक्कामाला जात नाही. जीप शेतावर येऊच नये, असे ते म्हणत नाहीत. अळी खरोखरच पडलेली आहे. शेतकऱ्याला औषध हवे आहे. ते देणारा दुसरा कोणी नाही. सियालदहच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला सरकार कमी असून चालले नसते. माझ्या शेऱ्याने त्या म्हातारीचे जे झाले ते सरकार फार होते म्हणून झाले नाही. सरकारच्या वतीने तिथे हजर असलेल्या एका माणसाने निर्णय घ्यायचे टाळले म्हणून झाले. जे यांना हसून आपण यंत्रणा आकुंचित करावी या मताला येऊ शकतो. जोशींना हसून आपण जीपमधून खाली उतरावे, डहाळे परत करावेत आणि औषध घेऊन पुन्हा यावे, या मताला येतो. ज्या देशात बहुसंख्यांच्या जीवनात शिधा, पट्टा, दाखला आणि दवाखाना यांसाठी सरकारवाचून गती नाही, तिथे हे दुसरे हास्य अधिक जबाबदारीचे आहे.

आजच्या कारभारात गाढवाचे माणूस होण्याची गती वाढली आहे. लाभार्थींच्या याद्या संगणकावर आल्या, निकाली प्रकरणांची टक्केवारी साहेबांच्या पडद्यावर रोज दिसते. हे वाईट नाही. अनेक ठिकाणी त्याने काम सोपे केले आहे. पण नाव जुळले नाही, बोटाचा ठसा उमटला नाही, तारीख अटीत बसली नाही अशी ‘मधली’ माणसे त्या पडद्यावर कुठे दिसतात? आणि दुसरीकडे, आपले विनोदी कार्यक्रम व्यक्तीपाशीच घोटाळत आहेत. अमक्या नेत्याची नक्कल, तमक्याच्या चालण्याची टिंगल, आणि मग कोणाच्या भावना दुखावल्या यावरून गुन्हे. व्यक्तीला हसण्यात जोखीम मोठी आणि उपयोग थोडा. व्यवस्थेला हसण्यात उपयोग मोठा. ते करणारा लेखक मात्र हवा आणि त्याला सोसणारा पडदाही.

दोन लहान सूचना करून थांबतो. ज्या आदेशात पात्रतेची तारीख घातली जाते, त्या आदेशातच त्या तारखेमुळे वगळल्या जाणाऱ्यांची अंदाजे संख्या आणि त्यांच्या बाबतीत अंतिम निर्णय कोण, किती दिवसांत घेणार, हे लिहिणे बंधनकारक असावे. आणि अर्जदाराच्या मृत्यूमुळे बंद झालेले प्रकरण निकाली प्रकरणांत न धरता त्याची वेगळी मोजणी व्हावी. यासाठी नवा कायदा नको, पैसाही नको. तिसरी सूचना सरकारसाठी नाही. सेवेत नव्याने येणाऱ्या तरुणांनी ‘येस मिनिस्टर’ अवश्य पाहावी. ती पाहून आपण सर हम्फ्रीइतके चतुर आहोत असे वाटू लागते. म्हणून त्याच आठवड्यात शरद जोशींचे ते नाटकही वाचावे.

येत्या ५ सप्टेंबरला मी संध्याकाळी स्थानकाच्या बाजूला फिरायला जाईन. बैठकखाना रस्त्यावर कागदाचा घाऊक व्यापार चालतो. रिमांचे गठ्ठे हातगाड्यांवर चढत-उतरत असतात. कोरा कागद अगदी निरुपद्रवी दिसतो. त्यावर पहिली ओळ कोणी तरी लिहितो, आणि लिहिताना त्याच्यासमोर बहुधा एखादी चिठ्ठी धरलेला माणूस उभा असतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)